सरपण, पाणी आणि ऊब: ‘द लाँग डार्क’ या खेळातील धडे

कॅनडातील हिंटरलँड स्टुडिओने 2017 मध्ये पूर्ण स्वरूपात प्रकाशित केलेल्या ‘द लाँग डार्क’ या व्हिडिओ गेममधील जग अणुयुद्धाने नव्हे, तर भूचुंबकीय वादळाने, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उसळलेल्या तीव्र खळबळीने, ठप्प होते. ही कल्पना निराधार नाही, कारण मार्च 1989 मध्ये अशाच वादळामुळे कॅनडाच्याच क्वेबेक प्रांताची वीज सुमारे 9 तास गेली होती.

या खेळाचा सर्वांत मोलाचा धडा पाण्याचा आहे. चहूकडे बर्फ असूनही तहान भागत नाही, कारण रिकाम्या डब्यात वितळवलेला बर्फ पुन्हा उकळल्याशिवाय पिण्यायोग्य होत नाही, न उकळता प्यायल्यास हगवण लागते, आणि या दोन्ही कामांसाठी सरपण गोळा करताना शरीराची ऊब व उष्मांक, म्हणजे अन्नातून मिळालेली ऊर्जा, खर्ची पडतात. त्यामुळे पाण्याचा प्रश्न अखेर सरपणाचाच ठरतो. बंदुकीभोवती फिरणाऱ्या बहुतेक खेळांना हे गणित सुचतही नाही.

कपड्यांचेही तसेच आहे: भिजलेला कोट बाहेरच्या थंडीत गोठतो, जड होतो आणि ऊब देईनासा होतो, तर वारा तापमापकावरील आकड्यापेक्षा अधिक थंडी लादतो, म्हणून वाऱ्याच्या आडोशाला थांबून कपडे शेकोटीजवळ वाळवणे हे शिकारीपेक्षाही निकडीचे काम होऊन बसते. प्रत्यक्षातही कडाक्याच्या थंडीत निवाऱ्याविना माणूस काही तासांत दगावू शकतो, अन्नाविना मात्र तो कित्येक दिवस तग धरतो.