कारवानी कुत्रा : मिजाज आणि निगा

व्यापारी बंधूंनो, गोदामात माल भरलेला असतो आणि रात्रीच्या राखणीला माणूस मिळत नाही. मग कुणीतरी सुचवतो, एखादे कारवानी पिल्लू आणा. आपल्या नांदेड-लातूरकडे ही जात घरचीच. लातूर जिल्ह्यातले जानवळ या कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते. पण सौद्याआधी या जनावराचा मिजाज समजून घ्यावा. आम्ही तो न समजता सौदा केला आणि पस्तावलो.

कारवानी म्हणजे कारवाँबरोबरचा. व्यापारी तांड्यांबरोबर तो दख्खनेत आला असे मानतात. कान-शेपटीला लांब रेशमी केस असलेला तो पश्मी. फारसीत पश्म म्हणजे लोकर. कर्नाटकात कारवानीलाच मुधोळ म्हणतात. त्या नावाने २००५ साली टपाल तिकीटही निघाले.

जातीचा मिजाज तिच्या कामातून घडतो. उत्तर युरोपात रेनडिअरचे कळप हाकणाऱ्या लॅपहुंड कुत्र्याचे केस दाट, दुहेरी. तो भुंकून काम करतो आणि माणसांत रमतो. कारवानीचे काम वेगळे होते. दूरचा ससा नजरेने टिपायचा आणि वाऱ्यासारखे धावून गाठायचा. वन्यजीव कायद्यानुसार अशा शिकारीला बंदी आहे. पण धाव रक्तात राहिली आहे. हा कुत्रा एका धन्याला जीव लावतो आणि परक्याचा हात अंगाला लागू देत नाही.

आम्ही पिल्लू आणले ते गोदामाच्या शटरजवळ साखळीने बांधले. दिवसभर हमालांची ये-जा, हातगाड्यांचा खडखडाट. वर्षभरात कुत्रा चिडका झाला आणि एका हमालाला चावला. त्याच्या इंजेक्शनांचा खर्च आम्ही केला, पण वेदना त्याने सोसल्या. दोष कुत्र्याचा नव्हता, आमचा होता. पुढे तो नातलगाच्या शेतावर दिला. तिथे मोकळा धावतो, रात्री गोठा राखतो आणि कुणावर गुरगुरत नाही.

म्हणून ज्यांच्याकडे शेत किंवा कुंपणाचे मोठे आवार आहे, त्यांनीच कारवानी पाळावा. पिल्लू दोन महिन्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. लहानपणीच घरच्या व कामावरच्या माणसांची ओळख करून द्यावी. रोज सकाळ-संध्याकाळ धावू द्यावे, मात्र खाण्यानंतर लगेच नाही. ज्वारीची भाकरी चालते, पण तेवढ्यावर भागत नाही. अंडी किंवा मटणही द्यावे. कांदा देऊ नये. हा कुत्रा अंगाने सडपातळच असतो. उपाशी दिसतो म्हणून खाऊ घालून लठ्ठ करू नये. कातडी पातळ, चरबी कमी, म्हणून थंडीत पोते अंथरावे. उन्हाळ्यात सावली आणि पाणी हवेच. पिल्लाला दोन महिन्यांच्या सुमारास पार्व्हो-डिस्टेंपरची लस सुरू करावी, तीन महिन्यांनंतर रेबीजची द्यावी आणि पुढच्या लसी डॉक्टर सांगतील त्या वेळी न चुकता टोचून घ्याव्यात.

ज्यांच्याकडे फक्त दुकान आणि गल्ली आहे, त्यांनी चांगले कुलूप घ्यावे आणि चौकीदाराला पगार द्यावा. शेत, जनावरे आणि शिकारीसाठी कुत्रा पाळण्याची मुभा हदीसमध्ये आहे, हे आपण जाणतोच. पण मुभा घेतली की मुक्या जिवाची जबाबदारीही आपल्यावरच येते.