आधी ब्रेक ऑइल, मग पॅड

पेरुंगुडीहून इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी न्यायची असेल, तर महागड्या पॅडआधी ब्रेक ऑइलचा विचार करावा. हे ऑइल हवेतली ओल शोषते, आणि पेरुंगुडीला एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस पळ्ळिकरणैची दलदल! डॉट ४ ऑइल नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ट्रॅकवर एकामागून एक जोरदार ब्रेक लागले की असे ऑइल उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल मऊ होऊन खाली जाते.

पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नसेल, तर दोष बहुधा अति तापलेल्या पॅडचा. दोन्ही वेळी वेग उतरवून पिटमध्ये यावे.

निव्वळ रेसिंगचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत. त्याच गाडीने घरी परतायचे असेल तर रस्ता आणि ट्रॅक दोन्हींना चालणारे पॅड बरे. ऑइल सीलबंद डब्यातले, डॉट ४ किंवा ५.१. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते. ते यांत मिसळू नये.