हांजार डिव्हिजन
हांजार डिव्हिजन : दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) नाझी जर्मनीने बॉस्निया-हर्ट्सगोव्हिनातील मुस्लिमांतून उभारलेली पर्वतीय सैन्याची डिव्हिजन. अधिकृत क्रमांक तेरावा. जर्मनीच्या नियमित भूसेनेत तिचा समावेश नव्हता. हाइन्रिख हिमलरच्या अधिपत्याखालील एस्. एस्. या संघटनेच्या लढाऊ दलाची (व्हाफेन एस्. एस्.) ती घटक होती. हांजार म्हणजे बाकदार पात्याचे तुर्की शस्त्र. मराठीतील खंजीर हा शब्दही मूळ त्याच अरबी शब्दापासून आलेला आहे. सैनिकांच्या गळपट्टीवर हांजार उगारलेला हात आणि स्वस्तिक अशी दोन्ही चिन्हे असत, तर डोक्यावर फेझ टोपी असे. जर्मनिक वंशाच्या कसोटीवर निवडलेल्या एस्. एस्. संघटनेने अन्यवंशीय व अन्यधर्मीय लोकांची एवढी मोठी तुकडी प्रथमच उभी केली. तिच्या प्रारंभीच्या नावात ‘स्वयंसैनिक’ हा शब्द होता. तो कितपत सार्थ होता, हा या डिव्हिजनच्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

बॉस्नियात ऑटोमन सत्ता १४६३ मध्ये स्थापन झाली आणि पुढील काही शतकांत तेथील स्लाव्ह लोकसंख्येच्या बऱ्याच मोठ्या भागाने इस्लामचा स्वीकार केला. हे लोक भाषेने व वंशाने शेजारच्या सर्ब व क्रोएट लोकांहून भिन्न नव्हते. १८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने हा प्रदेश व्यापला. १८८१ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा लागू होताच पुढील वर्षी हर्ट्सगोव्हिनात त्याविरुद्ध उठाव झाला. पण नंतर याच लोकांच्या रेजिमेंटांनी सम्राटाच्या सेनेत नाव कमावले. या रेजिमेंटांत मुस्लिमांबरोबर सर्ब व क्रोएटही होते. त्यांचा गणवेश फेझ टोपीचा होता आणि मुस्लिम सैनिकांसाठी इमाम नेमलेले असत. पहिल्या महायुद्धात इटलीच्या डोंगराळ आघाडीवर त्यांनी केलेल्या लढाया प्रसिद्ध आहेत. हिमलरच्या योजनेमागे या जुन्या परंपरेची आठवण होती. जुन्या सेनेतील ऑस्ट्रियन अधिकारीही त्यासाठी हुडकून आणण्यात आले.

एप्रिल १९४१ मध्ये जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांनी युगोस्लाव्हिया जिंकून त्याचे तुकडे केले. आंटे पाव्हेलिच याच्या नेतृत्वाखाली ‘स्वतंत्र क्रोएशिया’ हे अंकित राज्य निर्माण झाले व बॉस्निया त्याला जोडण्यात आला. पाव्हेलिचच्या उस्ताशा पक्षाने सर्ब, ज्यू व जिप्सी लोकांची कत्तल आरंभिली. मुस्लिमांना या राज्याने इस्लामधर्मीय क्रोएट ठरविले आणि काही मुस्लिम या अत्याचारांत सामीलही झाले. उलट सारायेव्हो, मॉस्तार, बान्या लूका इ. शहरांतील प्रतिष्ठित मुस्लिमांनी १९४१ च्या शरद ऋतूत सह्यांची जाहीर पत्रके काढून त्यांचा निषेध केला. त्या काळात असे करणे धोक्याचे होते. राजनिष्ठ सर्बांच्या चेतनिक टोळ्यांनी मात्र सूड म्हणून पूर्व बॉस्निया व सांजाक या भागांतील मुस्लिम गावे उद्ध्वस्त केली. चेतनिक सेनानी पाव्हले जुरिशिच याच्या फेब्रुवारी १९४३ मधील अहवालात सु. १,२०० लढवय्ये आणि सु. ८,००० स्त्रिया, मुले व वृद्ध ठार केल्याची नोंद आहे. क्रोएशियाचे सरकार संरक्षण देईना. म्हणून गावोगावी मुस्लिमांच्या रक्षकटोळ्या निघाल्या. त्यांपैकी टूझ्ला येथील मुहामेद हाजिएफेन्दिच याचे दल सर्वांत मोठे होते. काही पुढाऱ्यांनी नोव्हेंबर १९४२ मध्ये थेट हिटलरकडे स्वायत्ततेची मागणी करणारे निवेदन पाठविले. त्यांना स्वायत्तता मिळाली नाही, त्याऐवजी एस्. एस्.ची भरती सुरू झाली.

फेब्रुवारी १९४३ मध्ये हिटलरने या योजनेला संमती दिली आणि उभारणीचे काम आर्टुर फ्लेप्स या सेनापतीकडे सोपविण्यात आले. आपल्या प्रजेतून परक्या सत्तेने सैन्य उभारावे हे पाव्हेलिचला रुचले नाही. अखेर नावात ‘क्रोएशियन’ हा शब्द राहावा व कॅथलिक क्रोएटांनाही प्रवेश असावा, अशी तडजोड झाली. त्यानुसार सु. २,८०० कॅथलिक दाखल झाले. सैनिकांना हिटलर आणि क्रोएशियाचे राज्य या दोहोंच्या निष्ठेची शपथ घ्यावी लागे. मार्च-एप्रिल १९४३ मध्ये जेरूसलेमचे पदच्युत मुफ्ती अमीन अल्-हुसेनी यांनी झाग्रेब, बान्या लूका व सारायेव्हो येथे दौरा करून प्रचार केला. तरीही पुरेसे लोक पुढे येईनात. तेव्हा क्रोएशियाच्या सेनेतील मुस्लिम सैनिक आणि हाजिएफेन्दिचच्या दलातील लोक यांची सरसकट बदली करण्यात आली, तर अनेकांना घरून सक्तीने नेण्यात आले. १९४३ च्या अखेरीस डिव्हिजनची संख्या सु. २१,००० होती. वरिष्ठ अधिकारी जवळजवळ सर्व जर्मन होते. ऑगस्ट १९४३ मध्ये सरसेनापती झालेला कार्ल-गुस्टाफ झाउबरत्स्व्हाइग याला सैनिकांची भाषा येत नव्हती.

धार्मिक बाबतीत एस्. एस्.ने बऱ्याच सवलती दिल्या. बहुतेक पलटणींना इमाम होता आणि भोजनात डुकराचे मांस नव्हते. इमामांसाठी प्रथम बर्लिनजवळ बाबेल्सबर्ग येथे वर्ग काढण्यात आला व पुढे १९४४ मध्ये गूबेन येथे एक संस्थाच सुरू झाली. इस्लाम हा सैनिकाला उपयुक्त धर्म आहे, असे हिमलरचे मत होते. वंशसिद्धांताची अडचण दूर करण्यासाठी हे लोक प्राचीन गॉथांचे वंशज होत, या क्रोएशियन राज्यकर्त्यांच्या कल्पनेचा आधार घेण्यात आला. युद्धाची निकड भासताच वंशसिद्धांत किती लवचिक होऊ शकला, हे यावरून दिसते. जे प्रत्यक्षात दाखल झाले त्यांना मात्र गॉथांशी काही कर्तव्य नव्हते. त्यांना आपली गावे राखायची होती.

नेमक्या याच बाबतीत त्यांची पहिली निराशा झाली. प्रशिक्षणासाठी त्यांना बॉस्नियाबाहेर, दक्षिण फ्रान्समध्ये नेण्यात आले. १७ सप्टेंबर १९४३ च्या पहाटे व्हीलफ्रांश-द-र्वेर्ग या गावी अभियांत्रिकी पलटणीत बंड झाले. फेरिद जानिच, बोझो येलेनेक, निकोला व्हुकेलिच आणि लुत्फिया दिझ्दारेव्हिच हे त्याचे नेते. त्यांत मुस्लिमही होते व कॅथलिकही. जानिच पूर्वी कम्युनिस्ट पार्टिझानांत होता व जर्मनांच्या कैदेतून भरती झाला होता. बंडवाल्यांनी पलटणप्रमुखासह पाच जर्मन अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या आणि काही तास गाव त्यांच्या ताब्यात राहिले. पलटणीचा इमाम हलिम माल्कोच याने मात्र बऱ्याच सैनिकांना पुन्हा जर्मनांकडे वळविले व बंड फसले. त्याबद्दल त्याला जर्मन लष्करी पदक मिळाले, आणि १९४७ मध्ये युगोस्लाव्हियात देहान्ताची शिक्षाही. जर्मन कागदपत्रांनुसार १४ बंडखोरांना देहान्त देण्यात आला. चकमकीत व नंतरच्या धरपकडीत मेलेल्यांचे स्थानिक आकडे याहून बरेच मोठे आहेत. येलेनेक निसटून फ्रेंच प्रतिकार चळवळीला मिळाला. पाठोपाठ सु. ८०० सैनिक अविश्वसनीय ठरवून डाखाऊला पाठविण्यात आले. तेथे मजुरीच्या दलात जाण्यास नकार देणाऱ्यांची रवानगी नॉयनगाम छळछावणीत झाली. उरलेल्या डिव्हिजनला सायलीशियातील नॉयहामर छावणीत हलविण्यात आले.

फेब्रुवारी १९४४ मध्ये डिव्हिजन स्वदेशी परतली. साव्हा, बॉस्ना, द्रिना व स्प्रेचा या नद्यांमधील ईशान्य बॉस्नियाचा टापू तिच्याकडे सोपविण्यात आला. येथे तिने पार्टिझानांविरुद्ध अनेक मोहिमा केल्या. जूनमध्ये लोपारे परिसरात झालेली लढाई त्यांत मोठी होती. पार्टिझानांना या टापूबाहेर रेटण्यात तिला काही काळ यशही आले. परंतु साव्हेच्या उत्तरेस स्रेम भागात आणि पूर्व बॉस्नियात तिच्या सैनिकांनी सर्ब नागरिकांची हत्या व गावांची जाळपोळ केली. आपल्या गावांवरील कत्तलींमुळे शस्त्र धरलेल्यांनी दुसऱ्यांच्या गावांत तेच केले. त्यांच्या भरतीमागील सक्ती किंवा भय यांमुळे या कृत्यांची जबाबदारी टळत नाही. याच सुमारास डिव्हिजनला हांजार हे नाव देण्यात आले आणि अधिकृत नावातील ‘स्वयंसैनिक’ हा शब्द गळला.

जर्मनांचा पराभव दिसू लागताच डिव्हिजन विस्कळित झाली. ऑगस्ट १९४४ मध्ये टीटो यांनी शरण येणाऱ्यांना माफी जाहीर केली. सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांतच सु. २,००० सैनिक हत्यारांसह पळाले. काही घरी गेले, काही पार्टिझानांना मिळाले. ऑक्टोबरमध्ये डिव्हिजनचा पहिला मुख्य इमाम अब्दुलाह मुहासिलोव्हिच हा स्वतःच काही सैनिकांसह निघून गेला. बॉस्निया सोडून हंगेरीत लढण्याची आज्ञा बहुतेकांना मान्य नव्हती. व्हीलफ्रांशच्या बंडाच्याच महिन्यात पार्टिझानांनी आपली सोळावी मुस्लिम ब्रिगेड उभारली होती. एकाच खोऱ्यातील, कधी एकाच घरातील माणसे दोन्ही बाजूंना लढत होती.

भारतीय वाचकांस येथे जर्मनीतील आझाद हिंद फौजेची आठवण होईल. तीही ऑगस्ट १९४४ मध्ये व्हाफेन एस्. एस्.कडे वर्ग झाली. मात्र त्या फौजेत सुभाषचंद्र बोस यांच्या आग्रहामुळे हिंदू, मुस्लिम व शीख एकाच तुकडीत होते. धर्माच्या आधारे उभारलेल्या हांजारची घडण याच्या अगदी उलट होती [⟶ आझाद हिंद सेना].

हंगेरीतून माघार घेत उरलेली डिव्हिजन मे १९४५ मध्ये ऑस्ट्रियात ब्रिटिशांना शरण गेली. तिचे ३८ अधिकारी युगोस्लाव्हियाच्या हवाली करण्यात आले व १९४७ मध्ये सारायेव्होत त्यांच्यावर खटला चालला. १० जणांना देहान्त मिळाला. झाउबरत्स्व्हाइगने १९४६ मध्ये कैदेतच आत्महत्या केली होती. त्याचा उत्तराधिकारी देझिदेरियस हाम्पेल छावणीतून निसटला व १९८१ मध्ये ग्रात्स येथे वारला. डिव्हिजनच्या इमामांपैकी हुसेइन जोझो याला पाच वर्षांची शिक्षा झाली. पुढे तो बॉस्नियातील मान्यवर धर्मशास्त्रज्ञ गणला गेला. गोराझ्दे येथील शाळेला त्याचे नाव देण्यावरून अलीकडे वाद झाला. व्हीलफ्रांश येथे बंडात मेलेल्यांचे स्मारक आहे. तेथील एका रस्त्याला ‘क्रोएटांचा मार्ग’ असे नाव आहे, कारण डिव्हिजनच्या तेव्हाच्या अधिकृत नावावरून गावकरी त्यांना क्रोएट म्हणूनच ओळखत होते.