विश्लेषण : घरच्या घरी विमान ‘उडवायचे’, तर आधी काय घ्यावे?

पायलट व्हायचे ठरवलेल्या मुलामुलींच्या घरी हल्ली एक खरेदी हमखास निघते. बारावीचा निकाल लागलेला असतो, वैमानिक प्रशिक्षणाच्या शुल्काचे आकडे ऐकून आईवडील आधीच दबकलेले असतात आणि तेवढ्यात ‘सरावासाठी घरी सिम्युलेटर हवा’ अशी मागणी पुढे येते. दुकानदार महागडे ग्राफिक्स कार्ड सुचवतो, यूट्यूबवर तीन पडद्यांची कॉकपिट दिसतात. महिनाभराने लक्षात येते, की सगळे पैसे संगणकात गेले आणि विमान मात्र कीबोर्डच्या बाणांवरच उडते आहे. निव्वळ हौसेखातर या छंदात उतरणाऱ्यांचीही हीच गत होते. कमी पैशांतही हे काम चांगले होऊ शकते. बहुतेकांचा चुकतो तो खरेदीचा क्रम.

खेळ की सराव?

मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर पहिल्यांदा १९८२ मध्ये आला, तेव्हा पडद्यावर काही रेषा आणि घड्याळासारख्या तबकड्या यापलीकडे फारसे काही नव्हते. २०२० च्या आवृत्तीने उपग्रह चित्रांच्या आधारे सारी पृथ्वीच घरात आणली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिची पुढची आवृत्ती आली. दुसरा मोठा पर्याय एक्स-प्लेनचा. विमानाच्या पंखाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकावर हवेचा किती जोर पडतो, याचे गणित तो मांडतो. त्याची बारावी आवृत्ती विंडोजबरोबरच मॅक आणि लिनक्सवरही चालते. फ्लाइटगिअर तर पूर्णपणे मोफत आहे. चित्रे साधी, पण हे आपल्याला जमते का आणि आवडते का, हे पाहायला तो पुरेसा आहे. खर्च करण्याआधी पंधरा दिवस तोच वापरून पाहणे शहाणपणाचे.

सामान कोणते घ्यायचे, हे मात्र सॉफ्टवेअरपेक्षा एका साध्या प्रश्नावर ठरते. घरी उडवायचे आहे ते विमान कोणते?

एअरबस सोपी, सेसना अवघड?

ऐकायला उलटे वाटेल, पण १८० आसनांचे एअरबस ए-३२० घरी हुबेहूब उडवणे चार आसनांच्या सेसना-१७२ पेक्षा सोपे आणि स्वस्त आहे. भारतीय विमान कंपन्यांत मोठ्या संख्येने असलेल्या ए-३२० मध्ये वैमानिकासमोर सुकाणू नसते. बाजूला छोटी साइडस्टिक असते. ती संगणकाला केवळ इशारा देते. तिच्यात स्प्रिंग असते आणि हवेचा दाब त्या दांडीतून हाताला जाणवत नाही. थोडक्यात, खऱ्या एअरबसची दांडी काही हजारांच्या जॉयस्टिकसारखीच वागते. नवा वैमानिक सहवैमानिक म्हणून उजव्या आसनावर बसतो, तिथे ही दांडी उजव्या हाताशी येते. बाजारातल्या बहुतांश जॉयस्टिकही उजव्या हातासाठीच घडवलेल्या असतात.

थ्रॉटलचेही तसेच. एअरबसच्या थ्रॉटल दांड्या ठरावीक खाचांत बसतात आणि स्वयंचलित यंत्रणा इंजिनाची ताकद कमी-जास्त करत असताना त्या जागच्या हलत नाहीत. बोइंगमध्ये त्या मोटरच्या जोरावर स्वतःहून मागे-पुढे सरकतात. ती नक्कल घरी करायची तर खिसा बराच हलका होतो. थ्रस्टमास्टर कंपनीची टीसीए ही जॉयस्टिक आणि खाचांसह येणारा थ्रॉटल एअरबसच्याच धर्तीवर बनवलेला आहे. ‘फ्लायबायवायर’ या गटाचे मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठीचे ए-३२० निओ विमान तर फुकट मिळते.

सेसनामध्ये मात्र वैमानिकाच्या हातात योक असते, म्हणजे दोन मुठींचे सुकाणू. त्यातून तारांनी पंखांच्या आणि शेपटीच्या पट्ट्या थेट हलतात. वेग वाढला की योक जड होते, वेग घटला की ढिले पडते. विमान ढेपाळण्याच्या बेतात असल्याची कल्पना अनेकदा आधी हाताला येते आणि मग डोळ्यांना. घरच्या स्प्रिंगला यातले काहीच कळत नाही. ‘ट्रिम’चा गोंधळ त्याहून मोठा. खऱ्या विमानात योक मागे ओढून नाक हवे तेवढे वर धरायचे आणि मग हातावरचा भार नाहीसा होईपर्यंत ट्रिमचे चाक फिरवायचे. घरच्या दांडीची स्प्रिंग नेहमी मध्यावरच येऊ पाहते, त्यामुळे ट्रिम फिरवत असतानाच दांडी हळूहळू मध्यावर सोडावी लागते. हा खेळ खऱ्या विमानात कुठेच नाही. ए-३२० मध्ये नेहमीच्या उड्डाणात ट्रिम विमानच सांभाळते, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

हाताला भार जाणवून देणारी, ‘फोर्स फीडबॅक’ असलेली उपकरणे आता पुन्हा येऊ लागली आहेत. मोझा कंपनीचे एबी-९ हे त्यातले एक. ती उत्तम आहेत, पण पहिल्या खरेदीत त्यांचा विचार नको.

योक घ्यायचेच असेल, तर किती फिरते हे पाहावे. पूर्वी सायटेकच्या नावाने विकले जाणारे आणि आता लॉजिटेकचे असलेले योक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९० अंश फिरते; हनीकोंबचे ‘अल्फा’ १८० अंश. फिरण्याचा पल्ला जितका मोठा, तितके बारीक नियंत्रण सोपे. आणखी एक गोष्ट. सगळ्याच प्रशिक्षण संस्थांत सेसना नसते. काही ठिकाणी डायमंड डीए-४० हे विमान वापरतात आणि त्यात योक नसून दोन पायांमधून वर येणारी दांडी असते. बारामती, गोंदिया, धुळे किंवा आणखी कुठे प्रवेश घ्यायचा असेल, तर तिथे कोणते विमान आहे हे विचारून मगच योकचे पैसे मोजावेत. शिकाऊ वैमानिक डाव्या आसनावर बसतो. त्याचा डावा हात सुकाणूवर आणि उजवा थ्रॉटलवर असतो. म्हणून जॉयस्टिक घेणाऱ्यांनी ती डाव्या हाताने चालवायची सवय लावावी. थ्रस्टमास्टरची टी-१६०००एम दोन्ही हातांसाठी बदलून घेता येते.

पायाखालचे आधी का?

छोट्या विमानाचे शिक्षण घेणाऱ्याने योकच्याही आधी रडर पेडल घ्यावीत. नवशिक्याच्या यादीत ती बहुधा सर्वात शेवटी असतात. एका पंख्याचे विमान पूर्ण ताकदीने धावपट्टीवर सुटले, की इंजिनाच्या आणि पंख्याच्या परिणामाने नाक डावीकडे ओढले जाते. उजवा पाय वेळेवर दाबला नाही, तर विमान मधल्या रेषेवर राहत नाही. वळण घेताना, बाजूच्या वाऱ्यात उतरताना, जमिनीवर चालताना पायांचे काम सुरूच असते. ज्याने वर्षभर पेडलशिवाय सराव केला, त्याचे पाय पहिल्या खऱ्या उड्डाणात नुसते टेकलेले राहतात आणि ही सवय मोडायला प्रशिक्षणाचे महागडे तास खर्ची पडतात. सॉफ्टवेअरमधली ‘ऑटो रडर’ची सोय पहिल्याच दिवशी बंद करावी. पेडलसाठी पैसे नसतील, तर मूठ पिळून रडर चालवता येणारी जॉयस्टिक घ्यावी. पायांची सवय त्याने लागत नाही, पण रडरचे भान तरी राहते.

आपल्याकडच्या घरांत पेडलची एक वेगळीच कटकट असते. गुळगुळीत टाइल्सवर ती दर वेळी पुढे सरकतात आणि चाकांची खुर्ची मागे पळते. पेडलखाली रबरी चटई, पेडलच्या पुढे भिंत आणि बिनचाकी खुर्ची, हा त्यावरचा सर्वात स्वस्त उपाय. योकचा शिकंजाही अभ्यासाच्या टेबलाला सहज बसत नाही, कारण टेबलाखाली खण किंवा पट्टी आडवी येते. ऑनलाइन मागवण्याआधी टेबलाच्या फळीची जाडी आणि खालची मोकळी जागा मोजलेली बरी. परत पाठवण्याची खटपट आणि आयात वस्तूंच्या वॉरंटीचे घोळ ज्यांनी भोगले आहेत, ते मोजपट्टी घेऊनच बसतात.

जॉयस्टिक लवकर का बिघडते?

स्वस्त दांड्यांमध्ये बहुधा पोटेन्शिओमीटर असतो. कार्बनच्या पट्टीवर एक टोक घासत फिरते आणि दांडी कुठे आहे ते कळते. पट्टी झिजली किंवा धूळ शिरली, की विमान आपोआप थरथरू लागते. हॉल इफेक्ट सेन्सरमध्ये चुंबक असतो, घासणारे काहीच नसते, म्हणून तो टिकतो. खरेदी करताना दिव्यांची रोषणाई आणि बटणांची संख्या पाहण्याऐवजी सेन्सर कोणता, हे विचारावे. काही उपकरणांत मुख्य दांडीला हॉल सेन्सर असतो, पण पिळण्याच्या हालचालीला जुनाच पोटेन्शिओमीटर असतो; जाहिरातीत मोठ्या अक्षरांत फक्त पहिली गोष्ट येते.

आणि संगणक?

२०२४ च्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरसाठी कंपनीने किमान १६ जीबी रॅम सांगितली आहे. शिफारस आहे ३२ जीबीची आणि ८ जीबी स्मृती असलेल्या ग्राफिक्स कार्डाची. नवा संगणक घेणाऱ्याने ३२ जीबीच्या खाली जाऊ नये. पण इतर खेळांत चालणारा ‘ग्राफिक्स कार्डात पैसे ओता’ हा सल्ला इथे अर्धाच लागू पडतो. विमानाची सारी गणिते, इतर विमानांची वाहतूक आणि कॉकपिटमधल्या यंत्रणा यांचा मोठा भार प्रोसेसरवर, त्यातही त्याच्या एकाच धाग्यावर पडतो. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर उतरताना चित्र अडखळते, तेव्हा बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरची वाट पाहत रिकामे बसलेले असते. म्हणूनच मोठी कॅश स्मृती असलेले एएमडीचे ‘एक्स-३डी’ प्रोसेसर या छंदात लोकप्रिय झाले. २०२२ मधल्या रायझन ७ ५८००एक्स-३डी मध्ये अशी ९६ एमबी स्मृती होती.

सेकंदाला किती चित्रे, म्हणजे फ्रेम, दिसतात यावरूनही अनेक जण उगाच हैराण होतात. हा गोळीबाराचा खेळ नव्हे. प्रवासी विमानासाठी स्थिर ३० फ्रेम पुरतात. ६० वर जाऊन मध्येच २० वर कोसळणारा आकडा त्याहून त्रासदायक ठरतो. फ्रेमची मर्यादा ३० वर बांधून ठेवली, तर मध्यम संगणकही सुखाने चालतो.

इंटरनेटचा विचार मात्र आधीच करावा. मायक्रोसॉफ्टची नवी आवृत्ती संगणकावर कमी जागा घेते, कारण बरेचसे जग ती उडता उडता उतरवून घेते. किमान १० आणि शिफारस ५० एमबीपीएस, असे कंपनी सांगते. मोबाइलच्या दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर तिचा निभाव लागत नाही. घरी ब्रॉडबँड नसेल, तर एकदा उतरवून ठेवून नंतर नेटशिवाय चालणारे एक्स-प्लेन बरे.

एक्सबॉक्सवरही मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर चालतो आणि संगणकाच्या मानाने स्वस्त पडतो. पण संगणकाची प्रत्येक जॉयस्टिक त्याला चालत नाही, खोक्यावर एक्सबॉक्सचा उल्लेख असावा लागतो.

मान कशी वळवायची?

विमानतळाला वळसा घालून उतरताना वैमानिक सारखा खिडकीतून धावपट्टीकडे पाहत असतो. घरी मात्र एकाच पडद्यामुळे नजर समोरच्या तबकड्यांना चिकटते आणि बाहेर न पाहण्याची ही खोड पुढे खऱ्या विमानातही सुटता सुटत नाही. त्यावर तीन पडदे हा महाग उपाय झाला. ‘ओपनट्रॅक’ हे मोफत सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमने डोक्याची हालचाल ओळखते. मान थोडी वळवली की पडद्यावरचे दृश्य वळते. काही ॲपच्या मदतीने हेच काम स्मार्टफोनचा कॅमेराही करतो. मेटा क्वेस्ट-३ सारखे व्हीआर हेडसेट उंचीचा आणि अंतराचा अंदाज फार छान देतात. पण डोळे झाकले गेल्याने हाताजवळची खरी बटणे, नकाशा, वही काहीच दिसत नाही आणि ग्राफिक्स कार्डावरचा भार वाढतो. अनेकांना मळमळते, तेव्हा आधी मित्राकडे तासभर डोक्याला लावून पाहावा.

या सरावाचे तास धरले जातात का?

नाही. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी डीजीसीएला २०० तासांचे उड्डाण लागते आणि घरच्या सिम्युलेटरवरचा एकही तास त्यात धरला जात नाही. प्रशिक्षणात वापरायच्या सिम्युलेटरला त्यासाठी वेगळी मान्यता लागते. अमेरिकेतही एफएए मान्यता देते ती सॉफ्टवेअर, पडदे आणि नियंत्रणे मिळून बनलेल्या संपूर्ण संचाला. ‘आमच्या सेटवर परवान्याचे तास मिळतात’ असे कोणी विक्रेता म्हणाला, तर मान्यतेचे पत्र मागावे.

फायदा होतो तो वेगळीकडे. इंजिन सुरू करण्याआधीची तपासणी यादी, उपकरणांवर उतरण्याची पद्धत, नकाशा वाचणे आणि रेडिओवर बोलणे घरी घोटून पाठ होते. ‘व्हॅटसिम’वर जगभरचे हौशी लोक नियंत्रक होऊन बसतात आणि वैमानिकाशी नियमाप्रमाणे संवाद साधतात. १३ वर्षांपुढील कोणालाही तिथे मोफत नाव नोंदवता येते आणि फोनचा साधा माइकवाला हेडसेटही पुरतो.

या सगळ्या सामानाचा जुना बाजारही मोठा आहे, कारण हौस ओसरलेले लोक ते विकत असतात. विकणाऱ्याला व्हिडीओ कॉलवर विंडोजमधली गेम कंट्रोलरची खिडकी उघडायला सांगावी आणि दांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश न्यायला लावावी. पडद्यावरची खूण मध्येच उडी मारत असेल किंवा हात काढल्यावरही थरथरत असेल, तर सेन्सर गेलेला आहे. पेडलची आणि थ्रॉटलची तपासणीही अशीच करावी. घरी आणल्यावर चार-पाच उपकरणे वीज नसलेल्या यूएसबी हबला लावू नयेत. ऐन उतरताना एखादे बंद पडते. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा आणि विंडोजमधली यूएसबीची वीजबचत बंद करून ठेवावी.