उतारवयातील परदेशगमन : लेखांक ६ – अटलांटिकवरील आठ तास

गेल्या लेखांकात पारपत्र, व्हिसा आणि औषधांचे दाखले यांची तजवीज कशी करावी हे आपण पाहिले. आज तिकिटाचा प्रश्न हाती घेऊ; आणि त्यातही, मुंबईहून युरोपमार्गे अमेरिकेस जाणाऱ्या वृद्ध दांपत्याच्या प्रवासातील जो टप्पा सर्वांत कमी विचाराने खरेदी केला जातो, त्या अटलांटिक महासागरावरील उड्डाणाचा विचार करू. न्यू जर्सीतील मुलगा भाड्यांची यादी उघडतो, त्यांतील सर्वांत स्वल्प रक्कम निवडतो, आणि पुण्यातील आईवडिलांचे गुडघे, त्यांचा मधुमेह, रात्रीतून दोनतीनदा उठावे लागणे, यांसाठी त्या यादीत रकानाच नसल्यामुळे त्यांचा हिशेब कोणी करीतच नाही. ज्या भाड्यात देहाचे श्रम जमेस धरलेले नाहीत त्यास स्वस्त म्हणणे मला मान्य नाही. पण ते श्रम धरूनही स्वस्त पडेल असे तिकीट अटलांटिकवर मिळू शकते, कारण इतक्या कंपन्यांची इतकी चुरस दीर्घ पल्ल्याच्या फार थोड्या मार्गांवर आहे.

ही चुरस आयती आलेली नाही. महायुद्धानंतर कित्येक वर्षे या मार्गावरील भाडी विमानकंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या संमतीने ठरत, आणि त्या संघाबाहेर राहिलेली आइसलँडची लॉफ्टलायडिर ही कंपनी रेक्याविकमार्गे कमी दरात प्रवासी नेई. २६ सप्टेंबर १९७७ रोजी फ्रेडी लेकर यांची ‘स्कायट्रेन’ लंडनहून न्यूयॉर्ककडे अवघ्या ५९ पौंडांत निघाली, तेव्हा सामान्य माणसाला हा महासागर प्रथमच खिशाच्या आवाक्यात आल्यासारखा वाटला. परंतु फेब्रुवारी १९८२ मध्ये ती कंपनी बुडाली आणि तिच्या भरवशावर निघालेले प्रवासी मध्येच अडकले. २०२१ च्या जानेवारीत नॉर्वेजियन कंपनीनेही आपली स्वस्त दीर्घ उड्डाणे कायमची बंद केली. तरुणास अशा प्रसंगी दुसरी वाट शोधता येते. सत्तरीच्या माणसाच्या बाबतीत मात्र, थोड्या पैशांच्या बचतीसाठी नवख्या कंपनीच्या हवाली होण्यापूर्वी दोनदा विचार करणे इष्ट.

वयोवृद्धांसाठी म्हणून वेगळी सवलत बहुतेक कंपन्या या मार्गावर देत नाहीत. खरी सवलत देतो तो हंगाम. जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत आणि नाताळच्या सुमारास भाडी शिखरास पोहोचतात, तर जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत ती तळाशी असतात. पण त्या दिवसांत न्यू जर्सीची थंडी आणि बर्फावरून पाय घसरण्याचे भय पाहता, ती बचत वृद्धांच्या कामाची नाही. एप्रिलच्या उत्तरार्धात जावे आणि ऑक्टोबरात परतावे, आठवड्याचे मधले दिवस निवडावेत, हा मला सर्वांत समंजस तोडगा वाटतो. निवृत्त माणसापाशी तारखांचे स्वातंत्र्य असते, आणि या बाजारात त्या स्वातंत्र्याला रोख मोल आहे.

आता आसनांकडे वळू. तिकीट काढताना कंपनीचे नाव सारे पाहतात, विमानाची जात कोणी पाहत नाही. एअरबस ३३० या विमानात साध्या वर्गाची रांग बहुधा दोन-चार-दोन अशी असते. म्हणजे खिडकीकडील दोन आसनांवर पतिपत्नी बसली की उठण्याबसण्यासाठी कोणा परक्याची मनधरणी करावी लागत नाही. बोइंग ७६७ मध्ये ही रचना दोन-तीन-दोन असते. उलट बोइंग ७७७ मध्ये आता बहुतेक ठिकाणी तीन-चार-तीन अशी दाटी झाली आहे. बोइंग ७८७ आणि एअरबस ३५० यांत रांग तीन-तीन-तीनची असली, तरी त्यांचा एक मोठा गुण असा की त्यांच्या आतील हवेचा दाब सुमारे ६,००० फूट उंचीवरील हवेइतका राखता येतो, तर जुन्या विमानांत ही मर्यादा ८,००० फुटांपर्यंत जाते. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. त्याच्याही वर, विरळ आणि अत्यंत कोरड्या हवेत, सात-आठ तास बसून राहायचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हृदयाचा अथवा दम्याचा विकार असलेल्याने डॉक्टरांचा सल्ला घेऊनच का निघावे आणि शक्य तर नवे विमान का निवडावे, ते वेगळे सांगावे लागणार नाही. चार तासांहून अधिक काळ निश्चल बसून केलेल्या प्रवासाने शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव सुमारे दुपटीने वाढतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केला. मुळात हा संभव अल्प आहे, घाबरण्याचे कारण नाही. पण मार्गिकेलगतचे आसन ही वृद्धांची चैन नव्हे, गरज आहे. म्हणूनच आसन निवडू न देणारे आणि सामानाचे दाम निराळे घेणारे जे ‘लाइट’ नावाचे भाडे यादीत सर्वांत वर झळकते, ते त्यांच्यासाठी घेऊ नये.

दिशेचाही विचार करावा. पश्चिमेकडे जाताना समोरून उच्चस्तरीय वारे येतात, म्हणून लंडन-न्यूयॉर्क प्रवासास सुमारे आठ तास लागतात; परंतु हे उड्डाण बहुधा दिवसाउजेडी होते आणि त्याच दिवशी दुपारी अथवा सायंकाळी माणूस मुलाच्या घरी पोहोचतो. परतीची विमाने वाऱ्याच्या साह्याने सात तासांच्या आत येतात, पण ती बहुतेक रात्रीची; आणि रात्रीचे जेवण, पहाटेची न्याहारी, दिव्यांची उघडझाप यांतून जेमतेम तीनचार तासांची, तीही बसल्या बसल्या, झोप पदरी पडते. म्हणून पाय अधिक पसरता येणाऱ्या ‘प्रीमियम इकॉनॉमी’साठी, जिथे आसनांतील अंतर ३१ इंचांऐवजी ३८ इंचांच्या आसपास असते आणि भाडे पुष्कळदा दीडपट ते दुप्पट पडते, एकाच दिशेचे पैसे खर्चण्याची ऐपत असेल, तर ते परतीच्या रात्रीसाठी राखून ठेवावेत. ज्यांचे आप्त इंग्लंडात आहेत आणि ज्यांच्यापाशी ब्रिटिश व्हिसा आहे, त्यांना आणखी एक मार्ग खुला आहे : न्यूयॉर्क अथवा बोस्टनहून सकाळी निघून रात्री लंडनला पोहोचणारी दिवसाची उड्डाणे. तेथे काही दिवस विसावून मुंबईचे विमान धरावे. मात्र २४ तासांहून अधिक मुक्काम केल्यास ब्रिटनचा प्रस्थानकर तिकिटात चढतो, आणि वरच्या वर्गासाठी तो अधिक असतो, याची नोंद ठेवावी.

विमान बदलण्याचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. दोन निरनिराळी तिकिटे जोडून केलेली बचत हा वृद्धांच्या बाबतीत धोक्याचा सौदा आहे : पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही, सामान स्वतः उचलून पुन्हा सोपवावे लागते, आणि त्यासाठी त्या देशात प्रवेश करण्याचा व्हिसा लागू शकतो. तिकीट एकसंध असावे आणि मधला विसावा तीन-चार तासांचा असावा. दीड तासाचा बदल यादीत कितीही आकर्षक दिसला तरी फ्रँकफर्ट किंवा पॅरिसच्या विस्तीर्ण विमानतळावर तो छातीत धडकी भरवतो. डब्लिन, शॅनन आणि २०१४ पासून अबू धाबी येथे अमेरिकेच्या प्रवेशाची तपासणी निघण्यापूर्वीच पुरी होते, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर शिणलेल्या पायांनी त्या तपासणीच्या रांगेत उभे राहण्याचा प्रसंग येत नाही. भाड्यात थोडा फरक असेल तर तो द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अखेरची गोष्ट चाकांच्या खुर्चीची. आपल्याकडील कित्येक ज्येष्ठ ‘मी अजून चालू शकतो’ या अभिमानापोटी ती नाकारतात. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार आणि अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यानुसार हे साह्य विनामूल्य मिळते. ते उपकार नव्हेत, हक्क आहे, आणि तो मागण्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागत नाही, दूरवर चालणे अवघड जाते एवढे सांगणे पुरते. युरोपातील विमानतळांसाठी ही सूचना निदान ४८ तास आधी पोहोचावी लागते. म्हणून ज्यांची तिकिटे निघाली आहेत त्यांनी, पुढील आठवड्यात प्रवासविम्याच्या अटी वाचायला बसण्यापूर्वीच, कंपनीला ही सूचना देऊन तिची नोंद तिकिटावर झाल्याची खात्री करून घ्यावी.