सीतेची आसवे कोठे गेली?

मेढ्याच्या दक्षिणेला डोंगर चढून गेले की कासचे पठार लागते. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यांत कासचाही समावेश आहे. गेल्या सप्टेंबरात आमच्या काही विद्यार्थ्यांनी तेथील फुलांचे चित्रण केले. वारा होता, पाऊस भुरभुरत होता. तीन मिनिटांची फिल्म तयार झाली. ती पडद्यावर लावली, तेव्हा सीतेच्या आसवांची निळीजांभळी फुले दिसेचनात! जांभळे चौकोनी ठिगळ तेवढे हलत होते.

‘‘सर, शूटिंग करताना फुले स्पष्ट दिसत होती हो!’’ विद्यार्थी म्हणाले. ते खरेच होते. मग फुले गेली कोठे?

प्रथम थोडे गणित करू. व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रे. आपल्या एका चित्रात १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू आहेत. या बिंदूंना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलचा रंग लिहायला ३ बाइट लागतात आणि सेकंदाला २५ चित्रे असतात. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे साडेपंधरा कोटी बाइट होतात. तीन मिनिटांना २८ गिगाबाइट! एवढी माहिती साठवणे परवडत नाही. म्हणून फाईल तयार करताना संगणक काटकसर करतो.

ही काटकसर दोन प्रकारची असते. पहिली अशी: लागोपाठच्या दोन चित्रांत पुष्कळ भाग सारखाच असतो. तो पुन्हा न लिहिता ‘मागच्याप्रमाणेच’ किंवा ‘एवढे सरकले’ असे लिहून भागते. दुसरी अशी: चित्राचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचे गणिती पृथक्करण करतात. त्यातून ठळक छटा आणि बारीक तपशील यांचे आकडे वेगळे होतात. कोसाइन लहरींवर आधारलेली ही रीत नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ साली प्रसिद्ध केली. अहमद यांचा जन्म आपल्या बेंगळुरूचा. २००३ साली प्रमाणित झालेल्या आणि आजही सर्वत्र वापरात असलेल्या एच.२६४ या पद्धतीतही तिचेच एक रूप आहे.

आता खरी मेख पुढे आहे. मिळालेले आकडे पूर्णांकित करतात. दुकानदाराने पैसे सोडून फक्त रुपयांत हिशेब लिहिला, तर ४९ रुपये ८० पैशांचे ५० होतील. पण २० पैशांचे शून्यच होईल. बारीक तपशिलाचे आकडे बहुधा असेच लहान असतात. पूर्णांकन जितके ढोबळ, तितके ते अधिक शून्य होतात. फाईल लहान होते, आणि शून्य झालेला आकडा पुन्हा परत येत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांनी ‘बिटरेट’ सेकंदाला २ मेगाबिट ठेवला होता. १८० सेकंदांना ३६० मेगाबिट, म्हणजे ४५ मेगाबाइट. फाईल पाठवायला सोपी! फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाच्या चित्रणाला एवढे पुरलेही असते, कारण फळा हलत नाही. पण वाऱ्यावर डुलणारे गवत आणि पावसाचे थेंब प्रत्येक चित्रात नव्या जागी असतात. तेथे ‘मागच्याप्रमाणेच’ म्हणता येत नाही. मग ठरलेल्या २ मेगाबिटांत बसवण्यासाठी पूर्णांकन ढोबळ करावे लागते. सेंटिमीटरभर फुलाचा त्यात बळी जातो.

मुलांनी हीच फाईल २० मेगाबिटने पुन्हा तयार केली. ती दहापट मोठी झाली, पण फुले आली नाहीत. अस्पष्ट झालेली चित्रेच मोठ्या इमानाने लिहिली गेली! मूळ चित्रण तर जागा हवी म्हणून पुसून टाकलेले होते. आता पुढच्या पावसाळ्याची वाट पाहणे आले. टोपली कारवी असती, तर सात वर्षे थांबावे लागले असते, कारण ती सात वर्षांतून एकदाच मोठ्या प्रमाणावर फुलते.

मग निवड कशी करावी? चित्राचा आकार आणि सेकंदाला चित्रे किती, हे मूळ चित्रणाप्रमाणेच ठेवावे. आकार वाढवल्याने नवा तपशील निर्माण होत नाही. सोय असेल तर बिटरेटऐवजी ‘स्थिर गुणवत्ता’ निवडावी. मग अवघड दृश्याला संगणक आपण होऊन अधिक बिट देतो. एक्स२६४ या प्रचलित प्रणालीत हा आकडा सहसा ० ते ५१ असतो. आकडा लहान तितकी गुणवत्ता अधिक. आधीपासून ठरवलेला आकडा २३ असतो. बारीक फुलांसाठी १८च्या आसपास ठेवून पाहावे. जपून ठेवण्याची प्रत आणि पाठवण्याची प्रत वेगवेगळ्या कराव्यात; दुसरी नेहमी मूळ चित्रणावरूनच काढावी.

हे स्वतः करून पाहा. मोबाइल स्थिर ठेवून दहा सेकंद भिंतीचे आणि दहा सेकंद वाऱ्यात हलणाऱ्या झाडाचे चित्रण करा. दोन्हींच्या फाईली एकाच स्थिर गुणवत्तेने तयार करा आणि त्यांचे आकारमान वहीत मांडा. झाडाची फाईल भिंतीच्या किती पट भरते, हे पाहून तुम्हांला नवल वाटेल. आणि हो, मूळ चित्रण मात्र पुसू नका!