बाळंतपणात प्रसाविकेचे काम काय?

(सभासद कुटुंबांसाठी व तोडणी हंगामासाठी उपयुक्त माहिती)

उसाची लागण झाली की सभासद गट ऑफिसला जाऊन नोंद करतात. नोंदीला उशीर झाला तर तोडीचा क्रम मागे जातो, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. घरात सुनेला दिवस गेले तर मात्र "अजून पुष्कळ अवकाश आहे" म्हणत चौथा-पाचवा महिना उजाडतो. वास्तविक गरोदरपणाची नोंद पहिल्या १२ आठवड्यांतच व्हावयास हवी. बाळंतपण सुखरूप होणे हे कळा सुरू झाल्यावर ठरत नाही. नोंदीपासून बाळंतिणीचे ४२ दिवस भरेपर्यंत तिच्याकडे जाणते माणूस कोण पाहते, यावर ते अवलंबून असते. हे पाहण्याच्या तीन पद्धती आहेत. त्या समजून घेतल्या म्हणजे आपण काय करावे हेही ध्यानात येईल.

पहिली पद्धत : सुईण

आपल्यापैकी जुन्या सभासदांचे जन्म सुईणीच्या हातून झाले. सुईण बाईला सोडून जात नसे. कळा येत असताना पाठ चोळणे, धीर देणे, उठवून चालायला लावणे, वार पडेपर्यंत थांबणे ही कामे ती मायेने करी. पण तिच्याजवळ औषध नव्हते आणि शिक्षणही कोणी दिले नव्हते. विळ्याने किंवा गंजक्या पात्याने नाळ कापली की बाळाला धनुर्वात व्हायचा. पुढे सरकारने दायांना शिक्षण दिले. स्वच्छ हात, नवे पाते व स्वच्छ दोरा यांचा प्रसार झाला, गरोदर बायकांना धनुर्वाताची इंजेक्शने मिळू लागली आणि २०१५ साली बाळंतिणींचा व नवजात बाळांचा धनुर्वात देशातून हटल्याचे जाहीर झाले.

परंतु अंगावरून रक्ताचा लोट सुरू झाला, रक्तदाब वाढून झटके आले किंवा बाई अडली, तर स्वच्छ हात पुरत नाहीत. बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव थांबला नाही तर दोन तासांतही जीव जाऊ शकतो.

दुसरी पद्धत : दवाखाना आणि डॉक्टर

यास्तव २००५ साली जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसले. २०१८-२० या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या. महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता. ही मोठी कमाई आहे. घरच्या बाळंतपणाकडे परत जावे असे कोणी म्हणू नये.

तथापि या पद्धतीची दुसरी बाजूही पाहावी. त्याच पाहणीत देशातील खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणे सिझरने झाली, तर सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की समाजात सिझरचे प्रमाण १० टक्क्यांपलीकडे गेल्याने माता व बालकांचे मृत्यू आणखी कमी होतात असे दिसत नाही. सिझर हे जीव वाचविणारे ऑपरेशन आहे. गरज असेल तेथे क्षणाचाही उशीर नको. पण गरज नसताना पोटावर टाका घेतला, तर पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणाला चिकटण्याचा आणि व्रण फाटण्याचा धोका वाढतो. शिवाय गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टर येतात, पाहतात आणि पुढे जातात. तासन्‌तास कळा देणारी बाई एकटीच असते. सुईणीजवळ जी सोबत होती, ती येथे हरवली.

तिसरी पद्धत : शिकलेली प्रसाविका, पाठीशी डॉक्टर

आपल्या कारखान्यात साखर पॅनमध्ये तयार होते. चीफ केमिस्ट प्रत्येक पॅनजवळ उभे राहत नाहीत. पॅनमन काचेवर नमुना घेऊन दाणा पाहतो, आणि काही वेगळे दिसले की वेळीच कळवितो. प्रसाविकेचे काम असेच आहे. निरोगी बाईचे सरळ बाळंतपण ती स्वतः पार पाडते आणि सरळ नसलेले ओळखून डॉक्टरकडे धाडते. ओळखणे हीच तिची खरी विद्या.

गरोदरपणात ती रक्तदाब, वजन, लघवी व हिमोग्लोबिन तपासते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक गेला, अगर हिमोग्लोबिन ११ च्या खाली आले, तर पुढचे उपाय लगेच सुरू होतात. कळांमध्ये ती तक्त्यावर बाळाचे ठोके व गर्भपिशवीचे तोंड किती उघडले ते मांडते. काम अडल्याचे तक्त्यावरून लवकर कळते. बाळ जन्मल्याबरोबर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देते, त्यामुळे रक्तस्राव आवरतो. पुढे अंगावर पाजणे, टाके, ताप यांकडे लक्ष देते. निरनिराळ्या देशांतील चाचण्या एकत्र तपासल्या असता, ओळखीची प्रसाविका पहिल्यापासून शेवटपर्यंत असलेल्या बायकांची बाळंतपणे अधिक प्रमाणात नैसर्गिक झाली आणि चिमट्याची गरज कमी पडली, असे आढळले.

शेजारच्या श्रीलंकेचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९२६ साली कळुतारा येथे पहिले हेल्थ युनिट निघाले आणि पुढे गावोगाव शिकलेल्या प्रसाविका नेमल्या गेल्या. १९३० नंतरच्या काळात तेथे लाख जन्मांमागे दोन हजारांच्या आसपास माता दगावत. २०२० पर्यंत हा आकडा तिसाच्या घरात आला. याचे सारे श्रेय एकट्या प्रसाविकेचे नाही. हिवताप आटोक्यात आला, मुली शिकल्या, दवाखाने मोफत झाले. पण घरोघर पोहोचणारी ती पहिली होती.

आपल्याकडे ती कोठे गेली?

आपल्या उपकेंद्रातील नर्सबाईंच्या पदाचे नावच मुळी 'सहाय्यक परिचारिका प्रसाविका' असे आहे. सुरुवातीला त्यांचे शिक्षण दोन वर्षांचे होते आणि भर बाळंतपणावर होता. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर त्या बहुउद्देशीय कर्मचारी झाल्या. शिक्षण दीड वर्षावर आले. कुटुंबनियोजन, लसीकरण, रजिस्टरे यांत बाळंतपणाचा हात सुटत गेला. दोष बाईंचा नाही, कामाच्या वाटणीचा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने नर्सना १८ महिन्यांचे खास प्रसाविका शिक्षण देण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. अशा प्रसाविका पुरेशा होईपर्यंत नर्सबाई, आशाताई व डॉक्टर यांचा धागा तुटू न देणे आपल्या हाती आहे.

धागा तुटतो कोठे?

एक, माहेरी. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि कार्ड सासरच्या कपाटात राहते. तिकडच्या नर्सला आधीचे काहीच ठाऊक नसते.

दोन, उसाच्या फडात. हे आपल्या अधिक जवळचे आहे. टोळीतील बाई नवऱ्याबरोबर कोयत्याला जोडलेली असते. उचल घेतलेली, खाड्याची भीती, त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यातही ती मोळी डोक्यावर घेते. तिची नोंद गावाकडे आणि ती आपल्या बांधावर. इकडच्या नर्सबाईंच्या यादीत तिचे नाव नसते. रात्री कोपीवर कळा सुरू झाल्या तर कोणाला हाक मारावी हेही तिला माहीत नसते. ज्या उसाच्या वजनावर आपली बिले निघतात, तो ऊस तिने तोडलेला असतो. म्हणून हा प्रश्न मुकादमाचा म्हणून आपल्याला सोडून देता येणार नाही.

सभासदांनी काय करावे?

१) घरातील गरोदरपणाची नोंद १२ आठवड्यांच्या आत करावी. माता-बाल संरक्षण कार्ड बाई जाईल तेथे बरोबर द्यावे. माहेरच्या आशाताईंना आधी फोन करावा.

२) टोळी उतरली की मुकादमास विचारावे, "कोणी गरोदर आहे काय?" असल्यास त्याच आठवड्यात आपल्या गावच्या आशाताईंना कळवावे. ती बाई परगावची असली तरी तपासणी तिच्या हक्काची आहे.

३) दरमहा ९ तारखेस सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी तिला गाडीवर पाठवावे आणि त्याचा खाडा धरू नये, असे मुकादमास स्पष्ट सांगावे. मोळी वाहण्याच्या कामातून तिला वगळावे.

४) २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त व जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. १०८ क्रमांक टोळीतील प्रत्येकास पाठ असावा. अंधारात रस्ता दाखविण्यास आपल्यापैकी कोणी बांधावर उभे राहावे.

५) अंगावरून रक्त जाणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंड-हात सुजणे, झटके, ताप, बाळाची हालचाल कमी होणे, कळांपूर्वीच पाणी जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

१९९४ साली थॅडियस व मेन या अभ्यासकांनी मातामृत्यूंमागचे तीन उशीर सांगितले : निर्णय घेण्यास उशीर, पोहोचण्यास उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यास उशीर. तिसरा उशीर दवाखान्याने टाळावयाचा आहे. पहिले दोन घराच्या उंबऱ्यावर आणि उसाच्या बांधावर घडतात, आणि तेथे आपण हजर असतो. येत्या हंगामात तोडीची तारीख विचारताना हा एक प्रश्न सभासदांनी मुकादमास जरूर विचारावा.